जाळीची शाल विणतेय पण पोतेरं दिसतंय, उसवू का?

इंदिरानगरवाली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, पहिल्यांदाच धागा काढतेय आणि तोही लोकरीचा.

तर झालंय असं की माझ्या आत्याला जानेवारीत ७५ पूर्ण होतायत. ती राहते निफाडच्या बाजूला, मळ्यात. तिथली थंडी नाशिककरांना सांगायला नको, पारा ५-६ वर आला की द्राक्षबागेत रात्री शेकोट्या पेटवतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. साड्या तिच्याकडे कपाट उघडलं की अंगावर पडतात एवढ्या आहेत, म्हणून म्हटलं स्वतः विणलेली शाल द्यावी. मी आजवर टोप्या, मोजे आणि एक स्वेटर (बाही एक लांब एक आखूड, पण लेकाने घातला बिचाऱ्याने) एवढंच विणलंय. व्हिडिओत ती लाटालाटांची जाळीची वीण बघितली आणि डोक्यात बसली. १८ टाक्यांचा नमुना आहे, चार वेळा घ्यायचा, दोन्ही कडांना तीन-तीन साधे टाके, म्हणजे ७८ टाके घालून सुरू केलं. सुया ८ नंबर सांगितल्या होत्या, आजीच्या बिस्किटाच्या डब्यात नेमक्या ८ नंबरच्याच निघाल्या, मला वाटलं शुभशकुन. लोकर रविवार कारंजाजवळच्या एका दुकानातून आणली, मोरपंखी, दुकानदार म्हणाला प्युअर आहे ताई, लेबल मात्र कशावरच नाही.

आता रडगाणं. दहा इंच विणून झालंय. (१) व्हिडिओतल्या बाईची शाल २० इंच रुंद, माझी १३. (२) तिची कशी मोकळी, हवेशीर, माझी सगळी आक्रसून गोळा झालीये, भोकं दिसतच नाहीत, सासूबाई म्हणाल्या फरशी पुसायला घेऊ का. (३) दर दोन-तीन नमुन्यांनंतर टाके मोजले की ७७ भरतात, कधी ७६. कुठे जातात देव जाणे. (४) परवा एक टाका सुईवरून निसटला आणि सरसर चार ओळी खाली गेला, वर घेता येईना, रात्री साडेअकराला रडले मी चक्क.

उसवून टाकू का सगळं? की हे काम आपल्याच्याने होणारं नाही असं समजून आत्याला सरळ शरणपूर रोडवरच्या तिबेटियन मार्केटमधून काहीतरी घेऊन देऊ?

---

गोदाकाठ

उसवू नकोस!!! जाळीचं विणकाम सुईवर असताना पोतेरंच दिसतं, सगळ्यांचं. माझी पहिली शाल झाली तेव्हा आईने ती भांडी पुसायच्या फडक्यांबरोबर घडी करून ठेवलेली. ते भिजवून, ताणून, टाचण्या लावून वाळवलं की मग उघडतं. व्हिडिओवाल्यांनी तो भाग शेवटी दाखवलेला असतो आणि आपण शेवटपर्यंत बघत नाही.

रुंदीचं मात्र मला सांगता येणार नाही, १३ आणि २० मध्ये फार फरक आहे, नुसतं ताणून भरून निघेल असं वाटत नाही.

---

देवळालीच्या काकू

बाळा, आधी डोळे पूस. चाळीस वर्षं विणतेय, माझेही टाके निसटतात.

रुंदीचं कोडं मला वाचल्या वाचल्या कळलं. तो व्हिडिओ अमेरिकेतल्या बाईचा आहे ना? त्यांचा ८ नंबर म्हणजे ५ मिलीमीटरची सुई. तुझ्या आजीच्या डब्यातली ८ नंबर म्हणजे जुन्या विलायती हिशोबाची, ती ४ मिलीमीटर. आपल्याकडे इंग्रजांच्या वेळचेच नंबर चालत आले, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते, १२ नंबर बारीक, ६ नंबर जाड. अमेरिकेत बरोब्बर उलटं, नंबर वाढला की सुई जाड. गंमत म्हणजे त्यांचा ८ तो आपला ६, आणि त्यांचा ६ तो आपला ८. ह्यात मी स्वतः एकदा पुतण्याचा स्वेटर बाहुलीच्या मापाचा केलाय, तेव्हापासून नंबर बघतच नाही, मिलीमीटर विचारते.

आता पळणारे टाके. ह्या विणीचा हिशोब अगदी वाण्याच्या वहीसारखा आहे. दोन-दोन टाके एकत्र तीनदा, मग धागा पुढे आणि एक सुलट असं सहा वेळा, परत दोन-दोन एकत्र तीनदा, झाले १८. जोडीने सहा टाके कमी होतात, धागा पुढे घेऊन सहा वाढतात, जमाखर्च सारखा. टाके कमी भरतात म्हणजे तू जोड्या बरोबर करतेयस पण कुठेतरी भोक पडलेलंच नाही. माझा अंदाज, तू धागा पुढे घेतेस आणि सवयीने परत मागे नेऊन सुलट विणतेस. तसं केलं की काहीच होत नाही, नुसता धागा फिरून आला. पुढे आणलेला धागा पुढेच राहू द्यायचा आणि तशीच सुई घालून सुलट विणायचं, म्हणजे तो आपोआप सुईवरून पलीकडे जातो आणि तोच नवा टाका. हे एकदा हाताला कळलं की आयुष्यभर विसरत नाही, सायकलसारखं.

विसरलेलं भोक पुढच्या ओळीत कळलं तरी उसवायला लागत नाही. दोन टाक्यांच्या मध्ये जो आडवा धागा दिसतो ना, तो सुईच्या टोकाने उचलून सुईवर चढवायचा आणि विणायचा. भोक थोडं लहान होतं, पण तुझ्या आत्याला भिंग लावूनही कळायचं नाही.

आणि दर १८ टाक्यांनंतर खूण अडकव. दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याचा छोटा फास चालतो. चूक झाली तर त्या १८ मध्येच शोधायची, ७८ पुन्हा पुन्हा मोजत बसायला नको. मी पूर्वी माझी जुनी जोडवी घालायचे सुईत, पण जोडव्याला मागे फट असते त्यात लोकर अडकते, तेव्हा ती हौस करू नकोस.

---

पंचवटीचा पासधारक

मी पुरुष असून विणतो, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाऊन-येऊन करताना पत्ते खेळणाऱ्यांचा ग्रुप सोडला आणि हे हातात घेतलं, कसारा घाटात मोबाईलची रेंज जाते तेव्हा माझ्या चार ओळी होतात. पहिल्या महिन्यात डब्यातले सगळे बघायचे, आता दोघं शिकलेत.

काकूंना +१. मला फक्त निसटणाऱ्या टाक्याबद्दल आणि लोकरीबद्दल बोलायचंय.

साध्या विणीत टाका निसटला तर क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर घेता येतो, शिडी चढल्यासारखा. जाळीत ते अवघड, कारण खाली कुठे दोन एकत्र आहेत, कुठे भोक आहे, शिडीच्या पायऱ्याच वाकड्या. म्हणून जाळी विणणारे अधूनमधून सुरक्षा दोरा घालून ठेवतात. बोथट मोठ्या सुईत गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा दोरा ओवायचा (मी गोधडीचा पांढरा वापरतो) आणि विणायच्या सुईवर जेवढे टाके आहेत त्या सगळ्यांच्या पोटातून तो ओढून घ्यायचा. सुई धाग्याच्या पिळात घुसता कामा नये, टाक्याच्या मोकळ्या जागेतून गेली पाहिजे. खुणेचे फास मात्र त्यात ओवायचे नाहीत, नाहीतर ते तिथेच कैद. दोरा तसाच सोडायचा आणि पुढे विणत राहायचं. वर काही घोटाळा झाला तर बिनधास्त उसवायचं, उसवण त्या दोऱ्याशी येऊन थांबते आणि सगळे टाके जागच्या जागी सापडतात. ह्या विणीत चार ओळींचा फेर आहे, त्यातली दुसरी ओळ सगळी उलट, तिच्यानंतर दोरा घाला, मोजायलाही सोपं. मी दर सहा फेरांनी घालतो. ट्रेनमध्ये दर तीन, कारण धक्का कधी बसेल सांगता येत नाही.

आता लोकर. "प्युअर" हा शब्द दुकानात फार स्वस्त असतो. चार इंचाचा तुकडा कापा, चिमट्यात धरा, बेसिनपाशी उभं राहून काडी लावा. केस जळाल्यासारखा वास आला, ज्योत आपली आपण विझत गेली आणि राख बोटात चुरली तर खरी लोकर. वितळून काळा कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. गरम मण्याला हात लावू नका, मी लावलाय.

हे आधी बघायचं कारण की भिजवून ताणायचा जो सल्ला वर आलाय तो खऱ्या लोकरीला लागू आहे. लोकर म्हणजे शेवटी केस, ओला करून ज्या आकारात वाळवाल तो आकार धरतो, पार्लरमध्ये केस सेट करतात तसंच. अ‍ॅक्रिलिक हे प्लास्टिक, पाण्याने त्याला काही फरक पडत नाही, टाचण्या काढल्या की परत गोळा. त्याला वाफ लागते.

---

सिडकोची सुगरण

अ‍ॅक्रिलिक असेल तर एवढा विचार कशाला, वर ओला पंचा ठेवायचा आणि इस्त्री फिरवायची कडक, सपाट होतं मस्त. मी बेबी ब्लँकेट असंच केलेलं.

---

पंचवटीचा पासधारक

ताई, इस्त्री टेकवायची नाही हो! जास्त उष्णता लागली की अ‍ॅक्रिलिक मरतं, म्हणजे लुळं पडतं, चकाकी येते आणि त्यातला उसळीपणा कायमचा जातो, मग ते परत आणता येत नाही. ब्लँकेटला चाललं असेल, किंवा तुम्हाला तसंच लुळं हवं असेल तर वेगळी गोष्ट. शालीसाठी वाफेची इस्त्री इंचभर वर धरून नुसती वाफ द्यायची आणि गार होईपर्यंत टाचण्या हलवायच्या नाहीत. आधी चार इंचाच्या नमुन्यावर करून बघा, थेट शालीवर नको. एक गोष्ट मात्र अ‍ॅक्रिलिकची चांगली, एकदा वाफेने बसलं की धुतलं तरी तसंच राहतं. लोकरीला दर धुण्यानंतर परत टाचण्यांचा कार्यक्रम.

---

सिडकोची सुगरण

बरं बाबा. ब्लँकेट लुळंच झालं होतं खरं म्हणजे, मला वाटलं मऊ झालंय.

---

गोदाकाठ

😂😂

इंदिरानगरवाली, आधी लोकर जाळ आणि सांग.

---

येवल्याचा माग

अवांतर होतंय, पण राहवत नाही. आमच्याकडे पैठणीच्या मागावर बसणाराही विणतो आणि सुया घेऊन बसणारीही विणते, मराठीत दोघांना एकच क्रियापद, त्यामुळे लोक काश्मिरी पश्मिना शालीलाही सुईची समजतात. ती मागावरची, ताणा-बाण्याची. सुयांवरच्या जाळीच्या शाली म्हणजे रशियातल्या ओरेनबर्गच्या, बकरीच्या अंगच्या मऊ लवेच्या, किंवा स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत तिथल्या. तुम्ही विणताय ती लाटांची वीण शेटलंडचीच आहे. तिथल्या सगळ्यात बारीक शाली मेंढीच्या मानेजवळच्या मऊ लोकरीच्या, ती लोकर कातरत नाहीत, हाताने उपटतात, आणि दोन मीटरच्या आसपास लांबरुंद असलेली चौकोनी शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार जाते. तिथे धुतलेल्या शाली लाकडी चौकटीवर ताणून बाहेर उघड्यावर वाळवायचे. म्हणजे तुमची शाल आत्ता गोळा होऊन पडलीये ती अगदी परंपरेला धरून आहे.

एकदा हौसेने मी इकडच्या धनगराकडची दख्खनी मेंढीची लोकर बायकोला जाळी विणायला आणून दिली होती. घोंगडीला ती उत्तम, पाऊसही फारसा आत येऊ देत नाही, पण तिची जाळी म्हणजे गळ्यात काथ्या गुंडाळल्यासारखं. ती शाल सध्या बैलगाडीच्या जुन्या चाकावर शोभेला आहे.

---

इंदिरानगरवाली

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, एकेक करून सांगते.

काकू, तुमचे पाय कुठे आहेत? अहो सातपूरला कंपनीत आहेत, त्यांनी व्हर्नियर कॅलिपर घरी आणला आणि सुई मोजली, ४.०, वर मला म्हणतात टॉलरन्स चांगला आहे. आणि धागा मी खरंच मागे नेत होते! म्हणजे नेहमी नाही, मालिका बघताना.

लोकर जाळली. आता हे ऐका, केसासारखा वास पण आला आणि टोकाला छोटा कडक मणी पण झाला. सासूबाईंना वाटलं घरात कुणाचे केस पेटले. दुकानात जाऊन विचारलं तर म्हणे मिक्समध्येच प्युअर आहे. मी काय बोलणार ह्यावर.

मिक्सला पाणी की वाफ?

---

पंचवटीचा पासधारक

"मिक्समध्येच प्युअर" हे मी उद्या डब्यात सांगणार आहे.

आधी पाणी. त्यात जेवढी लोकर आहे तेवढी ऐकेल, उरलेल्यासाठी अगदी हलकी वाफ. आणि ह्यासाठी शाल पूर्ण व्हायची वाट बघू नका. आत्ता जे दहा इंच आहे त्याच्या वरच्या टाक्यांतून सुरक्षा दोरा घाला, सुई काढून घ्या, आणि तेवढाच तुकडा भिजवून ताणून वाळवा. खरी रुंदी किती होते ते कळेल, मग ठरवा उसवायचं की पुढे जायचं. दोरा मात्र बाजूला भरपूर लांब ठेवा, ताणल्यावर टाके पसरतात, दोरा आखूड असेल तर वरची कड आवळेल आणि मोजमाप खोटं येईल.

---

देवळालीच्या काकू

भिजवताना कोमट पाणी घे आणि शांपूचे चार थेंब, वीस मिनिटं नुसतं पडू दे, चोळायचं नाही. उचलताना दोन्ही हातांखाली घेऊन उचल, एका टोकाला धरलंस तर पाण्याच्या वजनाने लांबच लांब होईल. पिळायचं तर अजिबात नाही. मोठ्या टॉवेलमध्ये गुंडाळी कर आणि त्यावर उभी राहा, पाणी टॉवेल पितो.

टाचण्या स्टीलच्या घे. साध्या टाचण्यांनी माझ्या पांढऱ्या शालीवर गंजाचे चौदा ठिपके पडले ते आजतागायत आहेत, लिंबू-मीठ सगळं करून झालं. मुलांच्या त्या फोमच्या एबीसीडीच्या चटया असतात त्या जोडून त्यावर लावायच्या, नसल्या तर गादीवर जुनी चादर. लाटेचं जे टोक बाहेर येतं तिथे एकेक टाचणी, दोन टोकांच्या मधल्या खळग्यात नाही, म्हणजे कड सुंदर नागमोडी येते. पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. सध्या हवा कोरडी आहे, रात्री लावलंस तर सकाळी झालं. पावसाळ्यात हेच मला दोन दिवस लागले होते आणि लोकरीला ओल्या कुत्र्याचा वास सुटला होता.

---

इंदिरानगरवाली

धागा वर काढतेय, कारण केलं!!!

काल रात्री लेकाच्या फोमच्या चटईवर लावलं. १३ चं किती झालं सांगा... साडेसतरा! आणि भोकं उघडली हो, खरंच लाटा दिसतायत, मी सकाळी दात घासायच्या आधी जाऊन बघितलं. सासूबाई दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या फरशीचं मी गमतीत म्हटलं होतं. टाचण्या काढल्यावर थोडं परत आलं, सतराच्या जरा खाली, मग पासधारकांनी सांगितलं तशी लांबून वाफ दिली आणि तिथेच थांबलं.

पण. पण आता डोळ्यांना चुकाही दिसतायत. जिथे भोक विसरले तिथे लाट पुसल्यासारखी झालीये, चार ठिकाणी. आणि १७ इंच म्हणजे शाल नाही, मफलरचा मोठा भाऊ. आत्याचे खांदे भरले पाहिजेत. म्हणून (गोदाकाठ, ओरडू नकोस) ते दहा इंच मी बंद करून स्वतःला ठेवणार आहे, टीव्हीवर घालायला नाहीतर असंच, आणि नवीन सुरू करणार, ६ नंबरच्या सुया आणि पाच नमुने, म्हणजे ९० आणि ६, ९६ टाके. लोकर पुरेल का ही भीती आहे, १५० ग्रॅम शिल्लक आहे.

---

देवळालीच्या काकू

चांगला निर्णय. लोकर आत्ताच जाऊन अजून दोन गुंडे आण, त्याच लॉटचे. नंतर गेलीस तर मोरपंखीच मिळेल पण ह्या मोरपंखीशी जुळणार नाही, उन्हात नेलं की पट्टा दिसतो. लेबल नाही म्हणतेस, तर दुकानात गुंडा घेऊन जा आणि दाराबाहेर उजेडात लावून बघ, ट्यूबलाइटखाली सगळं सारखंच दिसतं.

---

इंदिरानगरवाली

आणले, तीन आणले. दुकानदाराने ओळखलं मला.

काल आत्याशी फोनवर बोलताना तोंडातून निघून गेलं, सरप्राइज गेलं खड्ड्यात, मग व्हिडिओ कॉलवर तो तुकडाच दाखवला. बघितलं न बघितलं आणि म्हणते, "अगं भोकं पडलीयेत की गं त्याला, कसर लागली का?" मग समजावलं. तर म्हणे भोकातून थंडी येणार नाही का. आता ह्याला काय उत्तर देऊ?

---

पंचवटीचा पासधारक

भोकांत हवा अडकते आणि अडकलेली हवाच ऊब देते, शाल दुहेरी करून घ्यायला सांगा. पहाटे मळ्यात वारं सुटलं की मात्र आत्यांचंच बरोबर आहे, तेव्हा वरून घोंगडी.

---

येवल्याचा माग

घोंगडी मी देतो. चाकावरची शाल पण देतो.

---

इंदिरानगरवाली

😄 चाक नको.

आज २२ फेर पूर्ण, ९६ च्या ९६ टाके! मालिका बंद केलीये. शेवटचा प्रश्न आत्ताच विचारून ठेवते, टाके बंद करताना कड आवळू नये म्हणून काय करायचं? त्या तुकड्याची वरची कड आवळलीच, ताणली जाईना.

---

देवळालीच्या काकू

नेहमीसारखा एकावरून एक टाका उडी मारून बंद करू नकोस, जाळीला ते कायम घट्ट होतं. दोन टाके मागच्या बाजूने सुई घालून एकत्र सुलट विण, जो एक टाका आला तो परत डाव्या सुईवर ठेव, तो आणि पुढचा असे परत दोन एकत्र, असंच शेवटपर्यंत. उजव्या हातात त्यापुरती एक नंबर जाड सुई घे, म्हणजे ५ नंबर. आपला ५ नंबर हं, त्यांचा नाही.